पोकर शिकताना: नियम, पानांचा क्रम आणि कॉलआधीचा हिशेब

पोकरचे प्रकार बरेच आहेत, पण आज नुसतं 'पोकर' म्हटलं की बहुधा टेक्सास होल्डेमच डोळ्यासमोर असतो. शिकायची सुरुवातही त्यानेच करावी. नियम तासाभरात समजतात. त्यानंतर नवख्याच्या चिप्स जिथे गळतात ती जागा जवळपास ठरलेली असते: 'पुढचं पान बघू तरी' म्हणत केलेला कॉल, म्हणजे समोरच्याने लावली तेवढी रक्कम घालणं. म्हणून इथे नियम नेमके दिलेच आहेत, पण जास्त जागा त्या एका कॉलच्या हिशेबाला दिली आहे.

आधी टेबल मांडा

जोकर काढून ५२ पानांचा एक कॅट, चिप्स आणि बटन, म्हणजे डीलरची खूण, म्हणून ठेवायला एखादी चकती एवढं पुरतं. खेळाडू दोनपासून नऊ-दहापर्यंत चालतात, पण शिकायला सहाजण उत्तम.

ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं वाटण्याआधी भरायच्या सक्तीच्या रकमा, १ आणि २ धरले तर प्रत्येकाला २०० ची रास द्या, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट. ती अशी करा: १ च्या २० चिप्स, ५ च्या १६ आणि २५ च्या ४. माणशी ४० चिप्स झाल्या, सहाजणांना २४०. ३०० चिप्सच्या पेटीत हे आरामात बसतं. सगळ्या चिप्स मोठ्या किमतीच्या दिल्या की दर डावात सुट्टे करत बसावं लागतं आणि खेळ रेंगाळतो. रास फार छोटी, म्हणजे ब्लाइंडच्या २०-३० पट ठेवली, तर दुसऱ्या फेरीतच सगळे ऑल-इन होतात, म्हणजे असलेलं सगळं घालून बसतात, आणि पुढच्या फेऱ्या खेळायला शिकायला मिळत नाही.

एक डाव कसा चालतो

बटन ज्याच्यासमोर तो त्या डावाचा डीलर. दर डावानंतर बटन एक घर डावीकडे सरकतं. बटनाच्या लगेच डावीकडचा छोटा ब्लाइंड भरतो, त्याच्या पुढचा मोठा ब्लाइंड. पानं वाटण्याआधी भरायची ही सक्तीची रक्कम आहे. ती नसती तर सगळे एक्क्यांची वाट बघत बसले असते. दोघंच खेळत असतील तेव्हा मात्र बटनवालाच छोटा ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या (मधली पहिली तीन पानं उघडण्याच्या) आधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. दोघांच्या डावात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

प्रत्येकाला दोन पानं पालथी वाटा. बोलीची पहिली फेरी मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडून सुरू होते. पाळी आली की तीन मार्ग असतात: पानं टाकून द्यायची (फोल्ड), समोरच्याइतकी रक्कम घालायची (कॉल) किंवा वाढवायची (रेझ). कुणीच वाढवलं नाही तरी मोठ्या ब्लाइंडवाल्याला शेवटी वाढवायचा हक्क राहतो. हे विसरून घाईने फ्लॉप उघडणं ही नेहमीची चूक.

मग वरचं एक पान न बघता बाजूला ठेवायचं आणि तीन पानं मध्ये उघडायची. हा फ्लॉप. पुन्हा एक पान बाजूला, चौथं पान उघडं, हा टर्न. तसंच पाचवं, हा रिव्हर. पान बाजूला टाकण्याचं कारण साधं: कॅटच्या वरच्या पानावर खूण असली किंवा ते कुणाला ओझरतं दिसलं असलं तरी त्याचा फायदा मिळू नये. फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या प्रत्येकानंतर बोलीची फेरी होते आणि ती बटनाच्या डावीकडच्या, डावात उरलेल्या पहिल्या खेळाडूपासून सुरू होते. त्या फेरीत आधी कुणी रक्कम (बेट) लावली नसेल तर काही न घालता 'चेक' म्हणता येतं.

वाढवण्याचा नियम नीट पाठ करा. वाढ किमान आधीच्या वाढीइतकी हवी. ब्लाइंड २ असताना कुणी ६ केले तर त्याने ४ ने वाढवलं, म्हणून पुढचा रेझ किमान १० चा. नो-लिमिट खेळात वरची मर्यादा म्हणजे तुमच्यासमोरची सगळी रास. डाव चालू असताना खिशातून भर घालता येत नाही आणि समोरची रक्कम उचलताही येत नाही.

रास कमी पडली तर उरलेलं सगळं घालून ऑल-इन होता येतं, पण मग जिंकताही तेवढ्याच प्रमाणात येतं. समजा अ कडे ४० आहेत, ब आणि क कडे १००-१००, आणि तिघंही सगळं घालतात. प्रत्येकाचे ४० मिळून १२० चा मुख्य पॉट (मध्ये जमलेली रक्कम) झाला, त्यावर तिघांचा हक्क. ब आणि क चे उरलेले ६०-६० मिळून दुसरा १२० चा बाजूचा पॉट, तो फक्त त्या दोघांत. अ ची पानं सर्वांत मोठी निघाली तरी त्याला १२० च मिळतात. चिप्सचे दोन ढीग त्याच क्षणी वेगळे करा; डाव संपल्यावर आठवून हिशेब लावायला गेलं की भांडण ठरलेलं.

रिव्हरनंतरही दोन किंवा जास्त खेळाडू उरले तर पानं उघडायची. शेवटची बेट किंवा रेझ ज्याने केला तो आधी दाखवतो. त्या फेरीत सगळ्यांनी चेक केलं असेल तर बटनाच्या डावीकडून सुरुवात.

कुठली पानं मोठी

तुमची दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून सर्वांत मोठी पाच धरायची. दोन्ही हातची वापरा, एक वापरा किंवा एकही नको, सगळं चालतं. मोठ्याकडून लहानाकडे क्रम असा:

रॉयल फ्लश: एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी.
स्ट्रेट फ्लश: एकाच रंगाची ओळीने पाच, जसं बदामाची पंजी ते नव्वी.
चार सारखी.
फुल हाउस: तीन सारखी आणि एक जोडी.
फ्लश: एकाच रंगाची कुठलीही पाच.
स्ट्रेट: ओळीने पाच, रंग कुठलेही.
तीन सारखी.
दोन जोड्या.
एक जोडी.
काहीच नाही, मग सर्वांत मोठं पान.

हा क्रम कुणाच्या मर्जीने ठरलेला नाही. ५२ पानांतून पाचचे २५,९८,९६० वेगवेगळे संच होतात. त्यांत फुल हाउस ३,७४४, फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२०० (शेवटच्या दोन्हींत स्ट्रेट फ्लश धरलेले नाहीत). जे दुर्मीळ ते मोठं. फ्लश मोठा की स्ट्रेट, हा गोंधळ होईल तेव्हा हे आकडे आठवा.

एक्का दोन्हीकडे चालतो: एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी हा सगळ्यात मोठा स्ट्रेट आणि एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा सगळ्यात लहान. पण राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं वळसा घालून जाता येत नाही. रंगांत लहानमोठं काही नसतं, इस्पिक आणि किलवर सारखेच. त्यामुळे पाचही पानं तोलामोलाची असली की पॉट वाटून घ्यायचा. एक चिप उरलीच तर ती बटनाच्या डावीकडे आधी येणाऱ्याला.

जोडी सारखी असली की उरलेलं पान, म्हणजे किकर, निकाल लावतं. मध्ये एक्का, गुलाम, सत्ती, चव्वी, दुर्री आहेत. तुमच्याकडे एक्का-राणी, समोरच्याकडे एक्का-नव्वी. दोघांना एक्क्याची जोडी, पण तुमची पाच पानं एक्का-एक्का-राणी-गुलाम-सत्ती, म्हणून पॉट तुमचा. आता मध्ये एक्का, राजा, गुलाम, गुलाम, चव्वी असते तर? दोघांचीही पाच पानं एक्का-एक्का-गुलाम-गुलाम-राजा होतात, राणीला जागाच उरत नाही आणि पॉट अर्धा-अर्धा. सहावं पान कधीच मोजायचं नाही. 'माझ्याकडे तीन जोड्या आहेत' हे वाक्य पोकरमध्ये निरर्थक आहे, कारण तिसरी जोडी पाच पानांच्या बाहेर जाते.

हातात काय आलं तर खेळायचं

दोन पानांचे १,३२६ संच होतात. रंग कुठला ते सोडून फक्त दोन्ही एका रंगाची की वेगळ्या एवढंच पाहिलं तर १६९ प्रकार. हातात कुठलीही जोडी येण्याची शक्यता १७ डावांत एकदा, एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. यातले बहुसंख्य संच टाकून द्यायचे असतात, आणि हे ऐकायला सोपं असलं तरी तासभर नुसतं टाकत बसणं खरंच अवघड जातं. तरीही तेच करा.

किती खेळायचं हे बसण्याच्या जागेवर ठरतं. उशिरा बोलणाऱ्याला इतरांनी काय केलं ते दिसलेलं असतं. आधी बोलणारा अंधारात असतो. सहाजणांच्या टेबलावर मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडे बसला असाल तर सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्क्याबरोबर राजा, राणी किंवा गुलाम, आणि एका रंगाचे एक्का-दश्शी किंवा राजा-राणी, एवढंच घ्या. हे सगळे मिळून सुमारे ८ टक्के संच होतात. अनुभवी खेळाडू इथून जास्त खेळतात, पण सुरुवातीला इतकं पुरे. बटनावर असाल आणि तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं असेल, तर कुठलीही जोडी, एका रंगाचा कुठलाही एक्का, दश्शी आणि त्यावरची कुठलीही दोन पानं, आणि एका रंगाची दश्शी-नव्वीपासून छक्की-पंजीपर्यंतची लागून असलेली पानं. हे साधारण २२ टक्के. मधल्या जागांवर मधलं प्रमाण ठेवा. छोट्या ब्लाइंडला मात्र 'अर्धे तर भरलेच आहेत' म्हणून मोह होतो. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत तिथून आधी बोलावं लागतं, म्हणून हात आखडताच ठेवा.

दोन सापळे वेगळे सांगायला हवेत. पहिला, एक्का आणि वेगळ्या रंगाचं बारकं पान. एक्का-नव्वी दिसायला बरी दिसते, पण समोर एक्का-राणी निघाली तर साधारण चारातून एकदाच जिंकते, आणि एक्का मध्ये उघडला की तुम्ही सोडायला तयार होत नाही. दुसरा, 'एका रंगाची आहेत ना'. एका रंगाने जिंकण्याची शक्यता तीनेक टक्क्यांनीच वाढते. थेट फ्लॉपवर फ्लश लागणं साधारण ११९ वेळांत एकदा. राजा-तिर्री एका रंगाची असली तरी ती राजा-तिर्रीच.

खेळायचं ठरवलं आणि तुमच्याआधी कुणी वाढवलेलं नसेल, तर नुसतं २ भरून आत येऊ नका, वाढवून या. मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, आणि आधी कुणी नुसतं भरून आत आलं असेल तर माणशी एक ब्लाइंड जास्त. कारण गर्दी. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातापुढे सुमारे ८५ टक्के जिंकते, पाच हातांपुढे तीच जवळपास ४९ टक्क्यांवर येते. चांगली पानं असताना सगळ्यांना स्वस्तात फ्लॉप दाखवणं म्हणजे स्वतःची बाजू स्वतःच पातळ करणं.

लहान जोड्यांचं गणित निराळं आहे. दुर्रीच्या जोडीला फ्लॉपवर तिसरी दुर्री सुमारे साडेआठ वेळांत एकदा मिळते. कुणी वाढवल्यावर तिच्यासाठी कॉल करायचा तर समोरच्याकडे कॉलच्या किमान पंधरापट रास हवी. साडेआठपट का नाही? कारण तिसरी दुर्री लागली तरी दर वेळी त्याची सगळी रास मिळत नाही.

कॉलची किंमत

आता मुख्य भाग. समोरून बेट आली की तीन आकडे काढायचे: मला घालायचे किती, घातल्यावर पॉट किती होईल, आणि मी कितीदा जिंकेन.

पॉटमध्ये १०० आहेत आणि समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० घातलेत की पॉट २०० होतो. ५० भागिले २००, म्हणजे २५ टक्के. चारातून एकदापेक्षा जास्त जिंकत असाल तर कॉल फायद्याचा, नाहीतर तोट्याचा. पॉटच्या अर्ध्या बेटला २५ टक्के, दोन-तृतीयांश बेटला सुमारे २९, पूर्ण पॉटएवढ्या बेटला ३३. हे तीन आकडे पाठ असले की बहुतेक वेळा भागाकार करावाच लागत नाही.

कितीदा जिंकेन हे काढायला उपयोगाची पानं मोजा. पोकरमध्ये त्यांना आउट्स म्हणतात. फ्लशला एक पान कमी असेल तर रंगाची १३ पैकी ४ दिसली, ९ उरली. स्ट्रेट दोन्ही टोकांनी उघडा असेल तर ८, मधलं एकच पान हवं असेल तर ४. पुढचं एकच पान येणार असेल तर आउट्स गुणिले २, दोन पानं येणार असतील तर गुणिले ४, एवढे टक्के. ९ आउट्सना फ्लॉपवरून ३६ येतात, खरं उत्तर ३५. ८ ना ३२, खरं ३१.५. आउट्स खूप असले की चारचा गुणाकार फुगतो: १५ आउट्सना ६० येतात, खरं उत्तर ५४.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. फ्लॉपवर चारने गुणायचं ते फक्त दोन्ही पानं पुढे पैसे न भरता बघायला मिळणार असतील तेव्हा, म्हणजे कुणी एक ऑल-इन असेल तेव्हा. एरवी टर्नवर पुन्हा बेट येणार, पुन्हा किंमत मोजावी लागणार. मग दोननेच गुणा.

आणि प्रत्येक आउट खरा आहे का तेही पाहा. स्ट्रेट पुरा करणारं पान समोरच्याचा फ्लश पुरा करत असेल तर ते तुमचं नाही.

एक डाव शेवटपर्यंत पाहू. ब्लाइंड १-२, प्रत्येकाकडे २००. तुम्ही बटनावर, हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची दश्शी. ६ करता, मोठा ब्लाइंड कॉल करतो, छोटा जातो. पॉट १३. फ्लॉप: इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, किलवर तिर्री. तो चेक, तुम्ही ८ लावता, तो कॉल. पॉट २९. टर्नला बदाम अठ्ठी, काही उपयोगाची नाही, आणि आता तोच २० लावतो. पॉट ४९. तुम्हाला २० घालायचे, पॉट ६९ होणार, म्हणजे २९ टक्के हवेत. न दिसलेली पानं ४६, त्यांत इस्पिकची ९: साडेएकोणीस टक्के. तीन एक्केही धरले तर २६ टक्के होतात, पण त्याने दोन जोड्या केल्या असतील तर एक्का लागून उपयोग नाही. नुसत्या पॉटवर हा कॉल बसत नाही.

मग टाकायची का? ज्या वेळी इस्पिक येईल त्या वेळी रिव्हरवर त्याच्याकडून सरासरी आणखी सुमारे ३३ निघाले, तर इस्पिकच्या ९ पानांवरच हिशेब जुळतो. त्याच्यासमोर १६६ उरले आहेत. तो राजाची जोडी सहज न सोडणारा खेळाडू असेल तर कॉल करा. इस्पिक पडलं की लगेच पानं टाकणारा असेल तर तुम्ही फोल्ड करा. आणि त्याच्याकडे १५ च उरले असते तर विचारसुद्धा करायचा नव्हता. तीच पानं, तोच फ्लॉप, पण उत्तर समोरच्याच्या राशीवर आणि स्वभावावर फिरतं.

बेट लावताना

बेट दोन कारणांसाठी लावायची. तुमच्याहून वाईट पानं असलेल्याने कॉल करावा म्हणून, किंवा तुमच्याहून चांगली पानं टाकली जावीत म्हणून. मनात यातलं एकही कारण नसेल तर चेक करा. मध्यम ताकदीच्या जोडीवर रिव्हरला मोठी बेट लावली की वाईट पानं सगळी जातात आणि कॉल फक्त तुम्हाला हरवणारीच करतात. नवख्यांच्या खेळात हे फार दिसतं.

ब्लफचं, म्हणजे पानं कमकुवत असताना समोरच्याने टाकावीत म्हणून लावलेल्या बेटचंही, गणित असतं. अर्ध्या पॉटची बेट तीनातून एकदा चालली तरी तोटा नाही, पूर्ण पॉटची दोनातून एकदा चालायला हवी. समोर एकच जण असावा. प्रत्येकजण ६० टक्के वेळा फोल्ड करणारा असेल तर दोघंही फोल्ड करण्याची शक्यता ३६ टक्क्यांवरच येते. आणि जो प्रत्येक बेटला कॉल करतो त्याच्यावर ब्लफ करूच नका. त्याच्यापुढे चांगली पानं आली की मोठी बेट लावा, एवढंच. सुरुवातीला ब्लफ करायचाच तर फ्लशला किंवा स्ट्रेटला एक पान कमी असताना करा. तो गेला तर पॉट मिळाला, न गेला तरी पान यायची आशा शिल्लक राहते.

टेबलावरची शिस्त

पाळी नसताना बोलू नका, त्याने पुढच्याला फुकट माहिती मिळते. तोंडाने सांगितलेलं बांधील असतं: 'कॉल' म्हटलं की कॉल. चिप्स दोनदा पुढे सरकवून रेझ करता येत नाही. रक्कम आधी बोला किंवा एकाच खेपेत पुढे करा. कुणी बेट लावलेली असताना न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल धरतात, रेझ नव्हे. टाकलेल्या पानांबद्दल डाव संपेपर्यंत चकार शब्द काढू नका. आणि जिंकलात असं वाटलं तरी पॉट तुमच्याकडे येईपर्यंत हातची पानं सोडू नका. डीलरने चुकून टाकलेल्यांत मिसळली तर दावा जातो.

निकाल आणि निर्णय वेगळे मोजा

डॉइल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ या लागोपाठच्या दोन वर्षी पोकरचं जागतिक विजेतेपद जिंकलं, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. तो हात आजही त्यांच्या नावाने ओळखतात. म्हणून दश्शी-दुर्री खेळायची पानं होत नाहीत. उलट एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे पाचातून जवळपास एकदा हरते, आणि तेव्हा तुमची काहीच चूक नसते. डाव संपला की 'जिंकलो का' याआधी 'किंमत बरोबर होती का' हे तपासा.

याच चढउतारामुळे, पैसे लावून खेळणार असाल तर खेळासाठी वेगळी काढलेली रक्कम एका वेळी टेबलावर घेण्याच्या राशीच्या किमान वीसपट ठेवा, आणि ती पूर्ण गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच. हरल्यावर चिडून ब्लाइंड वाढवू नका. दोन पूर्ण राशी गेल्या की त्या दिवशी उठा, हे बसण्याआधीच ठरवा. बसल्यावर ते ठरत नाही.

सरावाला समोर कुणी लागत नाही. कॅट पिसा, तीन हात उघडेच वाटा, मध्ये फ्लॉप मांडा. कोण पुढे आहे ते बोला, मागे असलेल्यांचे आउट्स मोजा, समोरून अर्ध्या पॉटची बेट आली असं धरून प्रत्येकाने कॉल करायचा की नाही ते ठरवा. मग टर्न उघडा आणि पुन्हा मोजा. रिव्हरनंतर प्रत्येकाची पाच पानं वेगळी काढून ठेवा. रोज असे दहा डाव मांडा. आधी एकेका डावाला पाच मिनिटं लागतील. ती एका मिनिटावर आली की टेबलावर बसा.